घरातली यंत्रं : खेळाच्या कॉम्प्युटरचा पडदा काळा पडतो तेव्हा

मिक्सर, कुकर, गिझर, शिलाईचं मशीन यांच्याबद्दलची पत्रं या सदराला नवीन नाहीत. पण अलीकडे त्यांच्या जोडीला एक वेगळीच तक्रार येऊ लागली आहे. मुलाने, आणि आता कित्येक घरी मुलीनेही, हट्टाने घेतलेला तो मोठा, काचेच्या दाराचा, रंगीबेरंगी दिव्यांचा कॉम्प्युटर. वर्ष-दीड वर्ष सुरळीत चालला. आणि आता खेळ ऐन रंगात आला की पडदा काळा होतो, नाहीतर चित्रावर चौकोनी ठिपके येतात, नाहीतर सगळंच फटकन बंद पडून पुन्हा सुरू होतं. मुलगा म्हणतो, "ग्राफिक्स कार्ड गेलं." दुकानदार म्हणतो, "नवीन घ्या." यजमान म्हणतात, "खेळा आणखी रात्र-रात्र!" आणि या तिन्ही पक्षांच्या मधे तुम्ही उभ्या!

मैत्रिणींनो, अशा वेळी 'हे काही आपलं काम नव्हे' म्हणून बाजूला होऊ नका. सकाळी अकरा वाजता दुरुस्तीवाला दार वाजवतो, तेव्हा घरात बहुधा तुम्हीच असता. पैसे जातात ते घरखर्चातूनच. शिवाय हे यंत्र आता नुसतं खेळण्यापुरतं राहिलेलं नाही. त्याच्यावर कुणाच्या मुलीचं व्हिडिओ जुळवण्याचं काम चालतं, कुणाचा कॉलेजचा प्रकल्प चालतो, तर कुणाच्या स्वतःच्याच शिकवण्या चालतात. कार्ड नवीन घ्यायचं म्हटलं तर पंचवीस-तीस हजार रुपये सहज लागतात. एवढी रक्कम 'कार्ड गेलं' या दोन शब्दांवर काढून द्यायची का? निदान करायला पैसे पडत नाहीत, आणि त्यातलं बरंचसं एकही स्क्रू न काढता घरच्या घरी करता येतं. ते कसं, तेच आज पाहू या.

आधी ओळख करून घ्या

कॅबिनेटच्या काचेतून आत पाहिलंत तर दोन किंवा तीन पंख्यांचा एक जाडसर, आडवा भाग दिसेल. तेच ग्राफिक्स कार्ड. पडद्यावर दिसणारं प्रत्येक चित्र तयार करायचं काम त्याच्याकडे. त्याला स्वतःची चिप असते, स्वतःची मेमरी असते आणि स्वतःचे पंखेही असतात. एन्व्हिडिया कंपनीने १९९९ साली जीफोर्स २५६ हे कार्ड 'जीपीयू' म्हणून बाजारात आणलं, आणि पुढे तो शब्द सगळ्यांच्याच तोंडी बसला. आज एन्व्हिडिया आणि एएमडी या दोन कंपन्यांच्या चिपची कार्डं जास्त दिसतात, इंटेलचीही मिळतात. मात्र एक लक्षात ठेवा. चिप यांची असली तरी पूर्ण कार्ड बहुधा दुसऱ्याच कंपनीने बनवून विकलेलं असतं. वॉरंटीसाठी जायचं ते त्या कार्डवाल्या कंपनीकडे.

नुसतं पत्र टाइप करताना हे कार्ड जवळजवळ झोपलेलं असतं. खेळ सुरू झाला की त्याला सेकंदाला साठ, कधी शंभराहून जास्त चित्रं काढावी लागतात. आरटीएक्स ३०६० हे मध्यम प्रतीचं कार्ड घेतलं तरी ते १७० वॅटपर्यंत वीज घेतं, म्हणजे जुन्या धाटणीचे दोन छतपंखे एकदम चालवण्याइतकी. आरटीएक्स ४०९० हे बडं कार्ड तर ४५० वॅटपर्यंत जातं. मिक्सरही एवढी वीज घेतो, पण तो चालतो पाच मिनिटं. कार्ड चालतं तीन-तीन तास, आणि घेतलेली वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. तेव्हा 'एरवी चांगला चालतो, खेळतानाच बंद पडतो' यात नवल काही नाही. ओझं पडल्यावरच दुखणं वर येतं.

दुखणं नेमकं कोणतं?

डॉक्टरकडे गेलं की ते आधी विचारतात, ताप कधी येतो, थंडी वाजून येतो का, किती दिवस झाले. इथेही तसंच. एक छोटी वही करा. तारीख, वेळ, कोणता खेळ, सुरू केल्यापासून किती वेळाने, आणि नेमकं काय झालं, एवढंच लिहायचं. मुलांना लिहायचा कंटाळा असतो. तुम्ही विचारून लिहा. चार-पाच नोंदी झाल्या की दुखणं आपोआप बोलायला लागतं. साधारणपणे त्याच्या चार तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा : पडदा क्षणभर काळा होतो, चित्र परत येतं, खेळ मात्र बंद झालेला असतो. विंडोजने कार्डाला काम दिलं आणि दोन सेकंदांत उत्तर आलं नाही, तर विंडोज समजते की कार्ड अडकलं, आणि कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, स्वतःच बंद करून पुन्हा सुरू करते. ही सोय विंडोज व्हिस्टापासूनची आहे. मिक्सरच्या बुडाशी ते लाल बटण असतं ना, जास्त ओझं पडलं की टक्कन बाहेर येणारं? तसंच हे. बटण बाहेर आलं म्हणजे मिक्सर जळला असं नव्हे. पण ते रोज येऊ लागलं तर कारण शोधायलाच हवं.

दुसरी तऱ्हा : पडदा काळा होतो आणि काळाच राहतो. आवाज मात्र चालू असतो, किंवा कार्डाचे पंखे अचानक घों घों करत जोरात फिरू लागतात. इथे संशय वायर, उष्णता किंवा कार्डाला मिळणारी वीज यांवर घ्यायचा.

तिसरी तऱ्हा : काही निरोप न देता सगळं यंत्रच बंद पडतं, किंवा बंद पडून पुन्हा सुरू होतं. इथे कार्डापेक्षा वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला दुकानात 'एसएमपीएस' म्हणतात, तो, घरातली वीज, किंवा प्रोसेसरचा ताप आधी पाहावा.

चौथी तऱ्हा : चित्रच बिघडतं. रंगीत चौकटी, ठिपके, उभ्या रेघा, माणसाच्या अंगातून निघालेले लांबलचक त्रिकोण. यात कार्डाची मेमरी, ड्रायव्हर, वायर किंवा नुसता मॉनिटर यांपैकी काहीही दोषी असू शकतं. चारही गोष्टींची किंमत वेगवेगळी, म्हणून घाई करू नका.

डबा न उघडता करायच्या तपासण्या

पडदा काळा पडला की आधी कीबोर्डावरची कॅप्स लॉकची कळ दाबा. तिचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र जिवंत आहे, फक्त चित्र गेलं आहे. मग विंडोजची खूण असलेली कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबा. बारीक 'टुक' असा आवाज होतो, पडदा लुकलुकतो आणि ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. चित्र परत आलं तर वहीत तशी नोंद करा. ती फार उपयोगाची असते.

दुसरी तपासणी मागच्या वायरची. घर झाडताना-पुसताना कॅबिनेट सरकतं आणि मॉनिटरची वायर ढिली होते, हे आपल्याला सांगायला नको! ती काढून नीट बसवा. पण कुठे बसवता तेही पाहा. कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला उभ्या ओळीत मदरबोर्डाची भोकं असतात, आणि खाली आडव्या ओळीत कार्डाची. मॉनिटरची वायर खालच्या, कार्डाच्या भोकातच हवी. वर लावली तर एक तर चित्रच येणार नाही, नाहीतर येईल पण कार्ड बिनकामाचं बसून राहील आणि खेळ रखडत चालेल. 'नवीन कार्ड घेतलं तरी काही फरक नाही' ही तक्रार कधीकधी एवढ्यावरच मिटते.

तिसरी तपासणी मॉनिटरची. चित्रावर रेघा असतील तेव्हा मॉनिटरचंच बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू, तो उजेड कमी-जास्त करण्याचा, पडद्यावर आणा. रेघा त्या मेनूवरूनही जात असतील, तर दोष बहुधा मॉनिटरचा. आणखी एक युक्ती आहे. रेघा दिसत असताना प्रिंट स्क्रीनच्या कळेने पडद्याचं चित्र साठवा आणि ते चित्र दुसऱ्या मोबाइलवर पाहा. त्यातही रेघा दिसल्या तर बिघाड कॉम्प्युटरच्या आत आहे. चित्र स्वच्छ असेल तर वायर किंवा मॉनिटर तपासा. वायर बदलायला काही शे रुपये लागतात. म्हणून आधी वायर, मग मॉनिटर शेजारच्या घरचा लावून पाहायचा, आणि कार्डाचा विचार सर्वांत शेवटी.

ठिपके किंवा चौकटी जर बटण दाबल्याबरोबर, विंडोज सुरू व्हायच्या आधीच, कंपनीचं नाव दिसतं त्या वेळीच येत असतील आणि वायर-मॉनिटर बदलूनही राहत असतील, तर मात्र ड्रायव्हरवर वेळ घालवू नका. कार्डाचाच दोष असण्याचा संभव मोठा.

चौथी तपासणी म्हणजे यंत्राची स्वतःची रोजनिशी. स्टार्टवर जाऊन 'रिलायबिलिटी' हा शब्द इंग्रजीत टाइप केला की एक तक्ता उघडतो. कॅलेंडरसारखा, दिवसागणिक. ज्या दिवशी काही बिघडलं त्या दिवसावर लाल फुली असते, आणि त्यावर बोट ठेवलं की त्या दिवशी काय नवीन बसवलं आणि काय बंद पडलं ते खाली दिसतं. पहिली फुली येण्याच्या आदल्या दिवशी काय बदललं, हे आपल्या वहीशी ताडून पाहा. कित्येकदा तिथेच उत्तर मिळतं.

धूळ, ताप आणि फोडणीची वाफ

खेळ चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स'खाली 'जीपीयू'वर गेलं की कार्डाचं तापमान दिसतं. खेळताना ६० ते ८० अंश सेल्सिअस म्हणजे घाबरण्याचं कारण नाही. सतत ८५-९०च्या घरात जात असेल तर मात्र डबा स्वच्छ करायची वेळ आली. फार तापलं की कार्ड आधी आपला वेग कमी करतं, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर बंद पडतं. आणि हो, साधं काम चालू असताना कार्डाचे पंखे फिरत नाहीत म्हणून धसकू नका. बऱ्याच नव्या कार्डांचे पंखे ताप चढल्यावरच फिरतात, तशी त्यांची रचनाच असते.

आपल्याकडची धूळ नुसती धूळ नसते. स्वयंपाकघर जवळ असेल तर फोडणीची तेलकट वाफ, देवघर जवळ असेल तर उदबत्तीची राख आणि धूर, शिवाय टाल्कम पावडर. हे सगळं मिळून पंख्यांवर आणि पात्यांच्या जाळीवर एक चिकट थर बसतो. किनारपट्टीला त्यात खारी, दमट हवाही असते. कॅबिनेट भिंतीला चिकटवून, टेबलाच्या बंद कप्प्यात किंवा पडद्यामागे ठेवू नका. चारी बाजूंना वीतभर तरी जागा हवी. जमिनीवर ठेवण्यापेक्षा पाटावर किंवा छोट्या स्टुलावर ठेवणं चांगलं.

साफ करताना कॉम्प्युटर रीतसर बंद करा, बटण बंद करून वायर भिंतीतून काढा आणि मग चालू करायचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेट गॅलरीत न्या. रंगकामाचा नवा, कोरडा, मऊ ब्रश आणि हवेचा छोटा ब्लोअर पुरे. पंख्यावर हवा मारताना पातं एका बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने ते भरधाव फिरलं तर खराब होतं. ओलं फडकं, झुरळांचा फवारा, घर झाडायचा व्हॅक्युम क्लीनर यांतलं काहीही आत नेऊ नका. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज तिथे उतरेल. नायलॉनच्या साडीत हे काम नको, सुती बरी.

विजेची गोम

दुसऱ्या आणि तिसऱ्या तऱ्हेत खरी गोम बहुधा विजेत असते. ज्या खाचेत कार्ड बसतं ती खाच जास्तीत जास्त ७५ वॅट देते. बाकीची वीज एसएमपीएसमधून येणाऱ्या वेगळ्या वायरने मिळते. सहा टोकांचा प्लग असेल तर ७५ वॅट, आठ टोकांचा असेल तर १५०. हा प्लग अर्धवट बसला की साध्या कामात काही कळत नाही, पण खेळात कार्डाने जास्त वीज मागितली की सगळं कोलमडतं. २०२२ साली आरटीएक्स ४०९० हे कार्ड आलं तेव्हा त्याचा नवा, बारीक टोकांचा प्लग वितळल्याच्या तक्रारी परदेशात गाजल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एन्व्हिडियाने तपासाअंती सांगितलं, की प्लग शेवटपर्यंत नीट न बसणं हे त्यातलं एक समान कारण होतं. तेव्हा डबा उघडलेलाच असेल तर वीज पूर्ण काढून प्लग खट् आवाज होईपर्यंत बसवा. कार्ड जड असतं, त्यामुळे एका बाजूने खाली झुकतं आणि खाचेतून किंचित निसटतं. तेही सरळ आहे ना, पाहा.

ओळखीच्या एका घरी हेच झालं. दुकानात 'कार्ड गेलं' असा निकाल मिळाला, नव्या कार्डासाठी भिशीचे पैसे बाजूला निघाले. तेवढ्यात मुलाच्या मित्राने ते 'गेलेलं' कार्ड आपल्या कॉम्प्युटरला लावून पाहिलं, तर तीन तास खेळ न थांबता चालला! दोष होता स्वस्तातल्या एसएमपीएसचा. तो बदलला आणि नव्या कार्डाच्या खर्चाचा थोडासाच भाग लागला. एसएमपीएसवर मोठमोठे आकडे छापलेले असतात, पण आकडा म्हणजे दर्जा नव्हे. नावाजलेल्या कंपनीचा, कार्डवाल्या कंपनीने सांगितलेल्या वॅटचा आणि बिलासह वॉरंटी असलेलाच घ्यावा.

आता भिंतीकडे या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखा झटका बसतो का? मग त्या प्लगला अर्थिंग नाही, किंवा निकामी आहे. आधी वायरमन बोलवा, कॉम्प्युटरवाल्याला नंतर. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून दोन पिनांवर चालवण्याची सवय तर आजपासून बंद. यूपीएस असेल तर त्याच्यावरचा आकडाही वाचा. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. खेळात कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून त्याच्या वर गेले आणि तेवढ्यात वीज क्षणभर गेली, की यूपीएस किंचाळतो आणि सगळं बंद. घरात दिवे मंद झाले त्याच वेळी कॉम्प्युटर बंद पडला का, हेही वहीत लिहा.

ड्रायव्हरचं प्रकरण

पहिली तऱ्हा असेल, तापमान ठीक असेल आणि वीजही ठीक असेल, तर ड्रायव्हरकडे वळायचं. नवा ड्रायव्हर नेहमीच चांगला, असं नाही. २०२५च्या सुरुवातीला एन्व्हिडियाच्या ५० मालिकेतल्या नव्या कार्डांवर पडदा काळा पडण्याच्या तक्रारी आल्या, आणि कंपनीला ड्रायव्हरच्या दुरुस्त आवृत्त्या काढाव्या लागल्या. तेव्हा दुखणं नव्या ड्रायव्हरनंतर सुरू झालं असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावावर जाऊन 'रोल बॅक ड्रायव्हर' निवडा, म्हणजे आधीचा परत येतो.

त्यानेही भागलं नाही तर जुना ड्रायव्हर मुळापासून काढून नवा बसवावा. त्यासाठी 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. इंटरनेट काढून ठेवून आणि कॉम्प्युटर 'सेफ मोड'मध्ये सुरू करून तो चालवायचा असतो. हे काम मुलांकडून करून घ्या, पण नवा ड्रायव्हर कार्डाच्या चिपवाल्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवायला सांगा. 'तुमचे ड्रायव्हर जुने झाले, इथे दाबा' असं पडद्यावर आपोआप उगवणारं काहीही दाबू नका. कार्डाचा वेग वाढवण्यासाठी मुलांनी काही उपद्व्याप केले असतील, त्याला ते 'ओव्हरक्लॉक' म्हणतात, तर तपासणी होईपर्यंत सगळं मूळच्या जागी आणायला लावा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला! आमटी बिघडली म्हणून एकदम मीठ, गूळ, चिंच आणि पाणी सगळंच घातलं, तर कशाने सुधारली ते कळतं का?

कार्डावर आलेला खोटा आळ

एक प्रकार मुद्दाम सांगते. काही खेळ सुरू होताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा निरोप देऊन बंद पडत. साहजिकच लोक कार्डाला दोष देत. २०२४ साली उघड झालं, की इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांतच दोष आहे. कार्ड बिचारं धडधाकट. इंटेलने त्यावर मदरबोर्डासाठी दुरुस्ती काढली आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्या घरचा प्रोसेसर या पिढीचा असेल आणि असा निरोप येत असेल, तर मदरबोर्डाचा बायोस नवा करून घ्या, आणि तरीही थांबलं नाही तर प्रोसेसरच्या वॉरंटीची चौकशी करा. यंत्र जे कारण दाखवतं तेच खरं असेल असं नाही, एवढं यातून शिकायचं. रॅमच्या पट्ट्या ढिल्या किंवा खराब असल्या तरी दुखणं असंच दिसतं. एक पट्टी काढून एकेका पट्टीवर यंत्र चालवून पाहिलं की उलगडा होतो.

हे मुळीच करू नका

कार्ड ओव्हनमध्ये भाजून दुरुस्त होतं, असं मुलं कुठेतरी वाचून येतील. हे थट्टेने सांगत नाही हं! २००८ साली एन्व्हिडियाने आपल्या लॅपटॉपमधल्या काही चिपांचं आवरण आणि जोड कच्चे निघाल्याचं सांगून त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते. त्या सुमारास कार्ड भट्टीत तापवून तुटके जोड सांधण्याची ही युक्ती पसरली. चाललंच तर काही दिवस चालतं, पुन्हा मरतं. आणि ज्या ओव्हनमध्ये आपण केक, नानकटाई करतो त्यात प्लास्टिक आणि रसायनांची वाफ भरून राहते. त्याला साफ नाही म्हणा. वॉरंटीही जाते, ते वेगळंच.

एसएमपीएसचा डबा उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. कार्डावर लावलेलं वॉरंटीचं स्टिकर सोलू नका. आणि जळका वास आला तर 'एकदा पाहू चालतंय का' म्हणत बटण पुन्हा दाबू नका.

दुरुस्तीवाला आणि बिल

एवढं करूनही थांबलं नाही, तर यंत्र दाखवायलाच हवं. मग ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गाला न्या, नाहीतर गावातल्या ओळखीच्या दुकानी. जाताना वही बरोबर घ्या. आणि तीन प्रश्न शांतपणे विचारा. 'हे कार्ड दुसऱ्या यंत्रात लावून पाहिलं का?' 'आमच्या यंत्रात दुसरं कार्ड लावून पाहिलं का?' 'एसएमपीएस बदलून पाहिला का?' तिन्हींची उत्तरं हो असतील आणि तरी कार्डावरच बोट असेल, तर निकाल खरा माना. समोर लावून दाखवा, असं म्हणायलाही संकोच करू नका. साडीचं सूत दिव्याखाली धरून पाहायला आपण कधी लाजतो का?

कार्ड वॉरंटीत असेल तर आधी कंपनीकडे. त्यासाठी बिल, खोका आणि कार्डावरच्या क्रमांकाचा फोटो जपून ठेवा; रेशनकार्डाच्या फाइलमध्ये एक कप्पा त्याला द्या. बिलावर कार्डाचा क्रमांक लिहून घ्यायला खरेदीच्या दिवशीच सांगावं. वॉरंटी असून टोलवाटोलवी झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

जुनं कार्ड स्वस्तात मिळतंय म्हणून भुलू नका. इथेरियम नावाचं आभासी चलन मिळवण्यासाठी लोक दिवसरात्र कार्डं राबवत असत. १५ सप्टेंबर २०२२ला त्या चलनाची पद्धतच बदलली आणि अशी राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. घ्यायचंच असेल तर अर्धा तास खेळ चालवून, तापमान पाहून, आणि बिल व उरलेली वॉरंटी असेल तरच घ्या.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. 'खेळून-खेळून बिघडवलास' असं मुलांना म्हणू नका. धड बनवलेलं, स्वच्छ ठेवलेलं यंत्र खेळाचं ओझं पेलण्यासाठीच असतं. ते बंद पडलं तर दोष धुळीचा असेल, विजेचा असेल, नाहीतर एखाद्या भागाचा. किती वेळ खेळायचं हा प्रश्न खराच आहे, पण तो वेगळा आहे. तो वेगळ्या वेळी, वेगळ्या बैठकीत सोडवा. दोन्ही एकत्र केले की काय होतं माहीत आहे? बोलणी बसतील या भीतीने मुलं यंत्राचं दुखणं लपवतात. प्लग गरम लागतो, वास येतो, हाताला झटका बसतो, हे सांगतच नाहीत, आणि दार लावून रात्री तसंच चालवत राहतात. म्हणून आजच घरात एक नियम करून टाका. वास, धूर, झटका किंवा ठिणगी यांबद्दल जो सांगेल, त्याला त्या दिवशी कुणी एका शब्दाने रागावणार नाही. यजमानांनाही हा नियम लागू!